माझदा एमएक्स-५चे टायर बदलताना: हलक्या गाडीला काय मानवते

टायरच्या दुकानात एमएक्स-५ नेली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे जरा रुंद टायर घ्या, आणि दुसरा म्हणजे मोठ्या नावाचा सगळ्यात महागडा स्पोर्ट टायर घ्या. दीड-पावणेदोन टनांच्या सेडानला हे सल्ले चालून जातात. पिढीनुसार ९५० ते ११५० किलो भरणाऱ्या या दोन सीटच्या गाडीला ते बहुधा मानवत नाहीत.

कारण साधे आहे. रबर ठरावीक तापमानाला पोचले की नीट पकडते, आणि ते तापते टायर दबून-वाकून. पहिल्या दोन पिढ्यांच्या गाडीत चालक बसला तरी एका चाकावर साधारण २६०-२८० किलोच वजन येते. १९५/५० आर १५ मापाच्या (रुंदी १९५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १५ इंची) साध्या टायरचा लोड इंडेक्स ८२ असतो, म्हणजे तो ४७५ किलो पेलतो. त्याच्या ताकदीच्या जेमतेम साठ टक्केच वजन त्याच्यावर पडते. अशा वेळी आणखी रुंद, आणखी कडक, आणखी जड टायर घातला तर तो तापत नाही, खड्ड्यावर उडतो आणि स्टिअरिंगमधली जाण मरते. ही गाडी लोक ज्या गोष्टीसाठी घेतात, नेमकी तीच जाते.

भारतात ही गाडी कंपनीने अधिकृतपणे विकलेली नाही. त्यामुळे पुढची माहिती मुख्यतः ब्रिटन, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी ती वापरणाऱ्यांसाठी आहे.

मूळ माप आधी पक्के करा

जुनी गाडी घेतली असेल तर सध्या चढवलेल्या टायरवरचे माप कंपनीचेच असेल असे समजू नका. आधीच्या मालकाने रिम बदललेली असणे अगदी नेहमीचे आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर किंवा गाडीचे मॅन्युअल बघा. पिढीनुसार नेहमीची मापे अशी:

- एनए (१९८९ ते १९९७): १८५/६० आर १४
- एनबी (१९९८ ते २००५): १९५/५० आर १५, काही साध्या मॉडेलांवर १८५/६० आर १४
- एनसी (२००५ ते २०१५): २०५/५० आर १६ किंवा २०५/४५ आर १७
- एनडी (२०१५ पासून): १.५ लिटरला १९५/५० आर १६, २.० लिटरला बहुधा २०५/४५ आर १७

बोल्टची मांडणीही लक्षात ठेवा. एनए, एनबी आणि एनडीला चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर. एनसीला पाच बोल्ट, ११४.३ मिमीवर. एनसी आणि एनडीच्या टायरचे माप एकच असले तरी एकीच्या रिम दुसरीला बसत नाहीत. रिमसकट जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांची इथेच फसगत होते.

एनए अगदी मूळ रूपात ठेवायची असेल तर आणखी एक पर्याय आहे. २०१७ साली माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली, आणि तिच्यासाठी ब्रिजस्टोनने एसएफ-३२५ हा त्या काळचा टायर १८५/६० आर १४ मापात पुन्हा बनवला. रोज पावसात चालवायच्या गाडीला आजचा चांगला टायर जास्त उपयोगी. जतन केलेल्या गाडीला मात्र एसएफ-३२५ शोभून दिसतो.

माप बदलायचेच असेल तर हिशेब करा

टायरचा बाहेरचा व्यास असा काढायचा: रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक रुंदीच्या टक्केवारीने येणाऱ्या साइडवॉलच्या उंचीची दुप्पट. १९५/५० आर १५ घेतला तर ३८१ अधिक दोनदा ९७.५, म्हणजे ५७६ मिमी. १८५/६० आर १४चा व्यास ५७८ मिमी येतो. म्हणजे ही दोन मापे जवळजवळ सारखी आहेत, आणि एनए-एनबीमध्ये ती बिनधास्त अदलाबदल करता येतात. अट एकच: मोठे ब्रेक असलेल्या स्पोर्ट प्रकारच्या एनबीवर १४ इंची रिम बसत नाही, ब्रेकच्या कॅलिपरला घासते.

२०५/५० आर १५ हा ५८६ मिमीचा, म्हणजे मूळ मापापेक्षा पावणेदोन टक्क्यांनी मोठा. गाडी उंच वाटत नाही, पण गिअर किंचित लांब होतात. खाली बसवलेल्या गाडीत तो आतल्या आवरणाला घासू शकतो. एनबीला १७ इंची रिम लावून २०५/४० चढवला तर व्यास ५९६ मिमी होतो, साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त. स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो, चाक जड होते आणि साइडवॉल इतकी कमी उरते की रस्त्यावरची प्रत्येक भेग पाठीला कळते. दिसायला छान, एवढाच त्याचा फायदा. मूळ व्यासापासून दोन टक्क्यांच्या आत राहा.

रुंदी रिमच्या रुंदीशी बांधलेली असते. १९५/५० आर १५ साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमवर बसतो, २२५/४५ आर १५ला सात ते साडेआठ इंच लागतात. सहा इंची मूळ रिमवर २२५ चढवला तर टायर चिमटल्यासारखा होतो, नक्षीचा मधला भाग फुगतो, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर थांबून मग वळते. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, आणि पाणी बाजूला सारायला या गाडीचे वजनही कमी पडते. ट्रॅकसाठी स्वतंत्र आठ-नऊ इंची रिम ठेवणाऱ्यांनी २२५ वापरावा. रस्त्यावर एनए-एनबीला १८५ ते २०५ पुरे. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या एनएमध्ये तर पार्किंग करताना हातांनाच फरक कळतो.

एनडीच्या २.० लिटर गाडीला १७ऐवजी १६ इंची रिम लावणे हा चांगला बदल आहे. चाक हलके होते, टायर स्वस्त मिळतो, खड्डे पचतात. पण १९५/५० आर १६ हा ६०१ मिमीचा आणि मूळ २०५/४५ आर १७ हा ६१६ मिमीचा, म्हणून तिथे २०५/५० आर १६ (६११ मिमी) जास्त जुळतो. ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक असलेल्या गाडीवर प्रत्येक १६ इंची रिम बसत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी ब्रेकवर चढवून बघा.

जर्मनीत कागदपत्रांत नसलेले माप लावायचे तर टीयूव्ही किंवा तशा मान्य संस्थेकडून तपासून नोंद करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला कळवा. लोड इंडेक्स आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये (एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किमी).

एक्सएल लिहिलेला टायर

एक्सएल म्हणजे जास्त भार पेलण्यासाठी मजबूत केलेला टायर. त्याची साइडवॉल सहसा कडक असते आणि वजन थोडे जास्त. या गाडीला त्या जादा ताकदीचा काहीच उपयोग नाही. एकाच मॉडेलचा साधा आणि एक्सएल असे दोन्ही प्रकार मिळत असतील तर साधा घ्या. १७ इंची मापात बहुतेक वेळा एक्सएलच मिळतो. मग तो घ्यायला हरकत नाही, फक्त एक्सएल आहे म्हणून जास्त हवा भरू नका. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्ये एक-दीड किलोचा फरक सहज असतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचे, त्यातही फिरते, त्यामुळे गाडीच्या वागण्यात ते लगेच जाणवते. विक्रेत्याला वजन विचारा. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात ते पुष्कळदा दिलेले असते.

कोणत्या जातीचा टायर

आपण ही गाडी खरोखर कुठे आणि कधी चालवतो, हे प्रामाणिकपणे ठरवले की निम्मे काम झाले.

ऑफिसला जाणे, रविवारी घाटरस्ता, अधूनमधून पाऊस असा वापर असेल तर रस्त्यासाठीचा उन्हाळी टायर घ्या, आणि त्यात ओल्या रस्त्यावरची पकड सगळ्यात आधी बघा. १७ इंची मापात मिशलिन पायलट स्पोर्टच्या तोडीचे टायर मिळतात. १५ आणि १६ इंचात मोठ्या कंपन्यांचे सर्वात वरचे मॉडेल पुष्कळदा मिळतच नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. युरोपात मिळणारा युनिरॉयल रेनस्पोर्ट ५ किंवा योकोहामा अॅडव्हान फ्लेवा व्ही७०१ यांसारखे मध्यम किमतीचे टायर या वजनाला छान जुळतात. रेनस्पोर्टची साइडवॉल मऊ आहे, वळणाच्या सुरुवातीला थोडी ढिलाई जाणवते, पण पावसात तो भरवसा देतो. एनडीला कारखान्यातूनच १६ इंचात योकोहामा अॅडव्हान स्पोर्ट व्ही१०५ आणि १७ इंचात ब्रिजस्टोन पोटेन्झा एस००१ येत असत; तुलनेसाठी हा चांगला पाया आहे.

ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकू मांडून घड्याळाविरुद्ध मारायच्या छोट्या फेऱ्या) किंवा ट्रॅक डे करणाऱ्यांसाठी २०० ट्रेडवेअरचे (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा अमेरिकेतला आकडा) टायर: ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२, योकोहामा निओव्हा एडी०९, हॅनकूक आर-एस४. यांतली निवड करताना वजनाचा प्रश्न पुन्हा येतो. ए०५२ चटकन तापतो, त्यामुळे मिनिटभराच्या ऑटोक्रॉस फेरीत हलक्या गाडीला तो फार लाभतो. मात्र झिजतोही भराभर. आर-एस४ उष्णता सहन करत बराच वेळ टिकतो, पण त्याला तापायला वेळ हवा. वीस-वीस मिनिटे ट्रॅकवर फिरणाऱ्याला तो परवडतो, थंड सकाळी एकच फेरी मारणाऱ्याला नाही. हे सगळे टायर आवाज करतात, आणि गार, ओल्या रस्त्यावर त्यांच्यावर विसंबू नये. झिजून नक्षी उथळ झाली की साचलेल्या पाण्यात तर अजिबात नाही.

टोयो आर८८८आर यासारखे १०० ट्रेडवेअरचे टायर रस्त्यावर कायदेशीर असले तरी ते ट्रॅकचेच टायर आहेत. ट्रॅकपर्यंत कोरड्या रस्त्याने चालवत जाण्यापुरते ठीक. रोजच्या गाडीला ते लावू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तापमान ७ अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळ्यात गाडी बाहेर काढणारच असाल तर जुन्या रिमवर हिवाळी टायरचा वेगळा सेट ठेवा. तो मूळ मापाचा किंवा किंचित अरुंद असावा. साधे ब्रेक असलेल्या एनबीला १८५/६० आर १४ झकास. जर्मनीत बर्फ, चिखलमिश्रित बर्फ किंवा रस्त्यावर गोठलेले पाणी असताना पर्वत आणि हिमकणाचे चिन्ह असलेलाच टायर चालतो. नुसते एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी ग्राह्य नाहीत.

लेबल कसे वाचायचे

युरोपीय लेबलवर मुख्यतः इंधन, ओली पकड आणि आवाज असतो. मे २०२१ पासूनच्या लेबलवर श्रेणी ए ते ई आहेत. ओल्या पकडीत ए किंवा बी असलेलाच घ्या. मात्र ही चाचणी सरळ ब्रेकिंगची आहे. वळणावर टायर कसा वागतो, पाण्यावर कधी तरंगतो, हे तिच्यातून कळत नाही.

अमेरिकेतला ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो ठीक. एकाचा २०० आणि दुसऱ्याचा २०० सारखे टिकतील असा त्याचा अर्थ नाही.

वय: या गाडीचा खरा शत्रू

एमएक्स-५ अनेक घरी दुसरी गाडी असते आणि वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालते. तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी सहा मिमी शिल्लक, दिसायला नवे, आणि रबर मात्र कडक झालेले. पहिल्या पावसात गोल चौकात मागची बाजू सुटते तेव्हा कळते.

साइडवॉलवर डीओटी पुढच्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, म्हणून बाहेर दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतून बघा. सहा वर्षांनंतर दरवर्षी भेगा तपासा, विशेषतः खाचांच्या तळाशी. दहा वर्षांनंतर दिसायला कसेही असोत, काढून टाका. नवे टायर ऑनलाइन मागवताना तारीख आधी विचारा. कमी खपाच्या मापांत जुना माल पडून असतो.

ब्रिटनमध्ये नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी आहे, मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत आणि पूर्ण घेरात. या गाडीत मात्र ३ मिमीला बदल करा.

दोन की चार

चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. मागच्या चाकांनी चालणाऱ्या आणि पुढे-मागे जवळपास सारखे वजन असलेल्या या गाडीत तोल फार नाजूक आहे. पुढे चिकट नवे आणि मागे कडक जुने अशी जोडी सगळ्यात धोकादायक, कारण ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते. पैशाअभावी दोनच घ्यायचे असतील तर त्याच मॉडेलचे घ्या आणि जास्त नक्षीची जोडी मागे लावा.

लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणारी यंत्रणा) असेल तर मागच्या दोन चाकांचा व्यास सारखाच हवा. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला अर्धा झिजलेला टायर ठेवला तर डिफरन्शिअल सतत काम करत राहते. डिकीतली बारीक स्टेपनीही मागे लावू नका. मागचे चाक पंक्चर झाले तर पुढचे चांगले चाक मागे आणा आणि स्टेपनी पुढे लावा. एनडीत स्टेपनी नसून पंक्चर भरायचे किट असते. त्याच्या बाटलीवरही मुदतीची तारीख असते, ती बघून घ्या.

दुकानात लक्ष ठेवायच्या गोष्टी

लॉकिंग नटची चावी सोबत न्या. गाडी उचलण्याच्या जागा आधी दाखवा. एनए-एनबीत खालच्या कडेच्या पत्र्याच्या पट्टीवर ठरलेल्या खुणांच्या जागीच, खाच असलेला रबरी ठोकळा ठेवून उचलायचे. सपाट लिफ्टने ही पट्टी चेपते, रंग उडतो आणि तिथूनच गंज धरतो.

रबरी व्हॉल्व्ह नवे बसवून घ्या. व्हॉल्व्हमध्ये हवेचा सेन्सर असेल तर टायर काढण्याआधी कामगाराला सांगा. सेन्सर नसून चाकाच्या वेगावरून हवा ओळखणारी यंत्रणा असेल तर काम झाल्यावर ती नव्याने सेट करावी लागते.

पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हशी जुळवतात. बाणाचा टायर फिरण्याच्या दिशेने, आणि 'बाहेर' लिहिलेली बाजू खरेच बाहेर आहे ना, चारही चाकांवर बघा. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

बॅलन्सिंगला ही गाडी फार संवेदनशील आहे. ताशी १००-११० किमीला स्टिअरिंग थरथरले तर आधी बॅलन्सिंग पुन्हा करा. बाहेरच्या कंपनीच्या रिम असतील तर हबची रिंग (रिमचे मधले भोक आणि हब यांच्यातली फट भरणारी कडी) तपासा: एनए, एनबी, एनडीला ५४.१ मिमी, एनसीला ६७.१ मिमी. रिंग नसेल तर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि कितीही वजने चिकटवली तरी थरथर जात नाही.

नट हाताने चढवून, तिरप्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. एनए-एनबीला ८८ ते ११८ न्यूटन मीटर, एनडीला १०८ ते १४७. हवेच्या गनने आवळले तर रस्त्याकडेला पंक्चर झाल्यावर हाताच्या पान्याने नट सुटत नाही.

हवा

इतका काळजीपूर्वक निवडलेला टायर बहुतेक वेळा इथे वाया जातो. एनए आणि एनबीचा कंपनीने सांगितलेला दाब आहे २६ पीएसआय, म्हणजे १८० किलोपास्कल. एनसी आणि एनडीचा २९ पीएसआय, २०० किलोपास्कल. दुकानात सवयीने ३२-३५ भरून देतात, आणि आपल्याकडेही गाडीला तेवढीच हवा सांगायची सवय असते. या गाडीला ती जास्त होते. नक्षी फक्त मध्यावर टेकते, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते, छोट्या उंचवट्यांवर चाक उड्या मारते. 'नवे टायर वाईट निघाले' ही तक्रार करण्याआधी गेज लावून बघा.

दाब टायर गार असताना, निघण्यापूर्वी मोजा. तापमान साडेपाच अंशांनी बदलले की साधारण एक पीएसआय फरक पडतो, म्हणून ऑक्टोबरात पुन्हा तपासणे आलेच. आवडीप्रमाणे बदल करायचा तर एकेक पीएसआयने, आणि मूळ आकड्यापासून दोनापलीकडे नाही.

अलाइनमेंट आणि झीज

जुने टायर टाकण्याआधी त्यांची झीज बघा. फक्त आतली कड झिजली असेल तर टो (वरून बघता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) बिघडलेला असण्याची शक्यता जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला तर जास्त. नक्षीवरून तळहात आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले तर तेही टोचेच लक्षण. हे दुरुस्त न करता नवे टायर चढवले तर तेही तसेच जातील.

एनए-एनबीला रस्त्यासाठी पुढे साधारण उणे १ अंश कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल; उणे म्हणजे वरचा भाग आत), मागे त्याहून अर्धा अंश जास्त, आणि दोन्हीकडे मिळून एक-दोन मिमी टो-इन (चाकांची पुढची टोके किंचित आत) ही सर्वमान्य मांडणी आहे. अलाइनमेंट करताना अर्धी टाकी पेट्रोल आणि चालकाच्या सीटवर चालकाइतके वजन ठेवायला सांगा. ८० किलोचा माणूस म्हणजे या गाडीच्या वजनाचा आठ टक्के. थंड, मिठाच्या रस्त्यांवर वाढलेल्या जुन्या गाड्यांत समायोजनाचे लांब बोल्ट बुशमध्ये गंजून अडकतात. आधी दोन-तीन दिवस त्यांवर गंज सोडवणारे तेल मारत राहा, नाहीतर अलाइनमेंटवाला हात वर करेल आणि फी मात्र घेईल.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो. पहिले २००-३०० किमी जपून चालवा, पावसात तर नक्कीच. ८०-१०० किमी झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा तपासा, आठवड्याने हवा बघा, आणि चारही मापे सारखी असतील तर दर ८-१० हजार किमीला पुढची जोडी मागे, मागची पुढे करा. बाणाचे टायर असतील तर गाडीच्या त्याच बाजूला ठेवून.